पालथं पडण्याची पूर्वतयारी

आपल्याकडे विमा विकायला आलेला माणूससुद्धा ‘देव न करो’ म्हणून सुरुवात करतो. ज्या गोष्टीवर त्याचं पोट चालतं तिचा उच्चार करताना तो आवाज खाली घेतो, इकडेतिकडे बघतो आणि ‘उद्या समजा तुमचं काही…’ इथपर्यंत येऊन उरलेलं वाक्य आपल्या हवाली करतो. रात्री सापाचं नाव काढायचं नाही. गाडी काढणाऱ्या माणसापुढे अपघाताची बातमी वाचायची नाही. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ हे आपलं सुरक्षाविषयक पहिलं धोरण, आणि बऱ्याच घरांत शेवटचंही.

अशा घरात जमिनीवर कागद पसरून, पेन्सिल हातात घेऊन, घरच्याच पोराची गाडी पालथी कशी पडेल याची चित्रं काढत बसायला छाती लागते. एकदा पालथी पाडून भागत नाही. डावीकडून पाडावी लागते, उजवीकडून पाडावी लागते, चढावर मागे उलटवावी लागते, उतारावर नाकावर आपटून पुढे कोलांटी खायला लावावी लागते. हे सगळं करूनही आतली माणसं शाबूत राहिली, तर त्याला रोलकेजचं डिझाईन म्हणतात. रोलकेज म्हणजे गाडी उलटली तर छप्पर माणसांच्या डोक्यावर बसू नये म्हणून आत उभा केलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. मी पुण्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी करायच्या गोष्टींची चित्रं काढण्यात माझी हयात गेली. त्यामुळे हे अशुभ चिंतन माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. शिवाय माझं सासर कोल्हापूरचं, आणि तिथे जावई मोकळा बसलेला कुणाला बघवत नाही.

गाडी मेहुण्याची. मूळची जिप्सी. मारुतीनं ती डिसेंबर १९८५ मध्ये आणली. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीचा हा लांब बांधा. खाली शिडीच्या आकाराची चासी, पुढे-मागे पाटे, वजन टनाच्या आसपास, आणि आरामाच्या बाबतीत कसलाही गैरसमज राहू नये अशी रचना. २०१९ मध्ये ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळायची बंद झाली आणि तेव्हापासून तिच्या मालकांना आपण घराणेदार असल्याची भावना झाली. परदेशात सुझुकीनं हिची पिकअपही विकली होती. मेहुण्याला ते कळलं. आता इतर कुणी हळहळला असता. यानं गाडी उद्यमनगरात नेली, पुढच्या सीटच्या मागून कापली, केबिनच्या पाठीला पत्रा ठोकला आणि मागच्या जागेवर स्वतंत्र हौदा बसवून घेतला. घरी आणली तेव्हा सासूबाईंनी ओवाळली खरी, पण निरांजन हौद्यापाशी येऊन घुटमळलं. कापलेल्या गाडीला किती ओवाळायचं, याचा शास्त्राधार त्यांना ठाऊक नव्हता.

कायद्याला मात्र ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पुन्हा बजावलं. म्हणून ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून चिखलापर्यंत जाते, चिखलात उतरते, चारी चाकांनी पराक्रम गाजवते आणि पुन्हा पाठीवर बसून घरी येते. कुठल्याही खडकावर चढणारं हे वाहन आमच्या गल्लीतून भाजी आणायला जाऊ शकत नाही. मेहुण्याला यात काहीही विसंगत वाटत नाही.

त्याचं स्वप्न गोव्याचं. मलेशियात १९९७ साली निघालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलस्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ साली गोव्यात सुरू झाली. लोक गोव्याला पावसाळ्यात जाऊ नये म्हणतात, त्याच दिवसांत ही मंडळी तिथे जातात आणि समुद्राकडे पाठ करून नाल्यात उतरतात. अशा ठिकाणी केजशिवाय गाडीला कुणी दारात उभं करत नाही. तेवढ्यासाठी मेहुणा माझ्याकडे आला. ‘‘दाजी, फक्त एक चित्र काढून द्या. बाकी मिस्त्री बघतील.’’

‘फक्त एक चित्र’ या शब्दांवर माझ्या व्यवसायातल्या माणसानं कधी विश्वास ठेवू नये. मी कागदावर गाडी काढली, मग तीच पालथी काढली. सासूबाई चहा घेऊन आल्या. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘‘जावईबापू, पालथी पडणार हे धरूनच चाललाय व्हय?’’

इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं याचं उत्तर ‘हो’ आहे. जावई म्हणून ते देता येत नाही. मी ‘‘तसं नव्हे, पण…’’ म्हणालो आणि विमा एजंटाबद्दल मला प्रथमच जिव्हाळा वाटला. चहा ठेवता ठेवता त्यांनी कागद हळूच फिरवला आणि गाडी सुलटी केली. पुढे हे रोजचंच झालं. मी पालथी काढावी, त्यांनी येता-जाता सुलटी करावी. त्यामुळे माझ्या ड्रॉइंगवरची निम्मी मापं डोक्यावर उभी आहेत.

गाडी कडेला केव्हा कलंडते याचं गणित सोपं आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्यायचं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं; हा भागाकार म्हणजे कलंडण्याच्या कोनाचा टॅन्जंट. दोन चाकांत १३० सेंटिमीटर, म्हणजे निम्मे ६५. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर कागदावर गाडी साधारण ४३ अंशांच्या उतारापर्यंत तग धरते. प्रत्यक्षात टायर दबतात, पाटे दबतात, त्यामुळे धीर आधीच सुटतो. आता या मंडळींना उंच गाडी आवडते. पाट्यांखाली ठोकळे जातात, मोठे टायर येतात, आणि गुरुत्वमध्य ८० वर गेला की ४३ चे ३९ होतात. म्हणून मग केज हवा. केज लोखंडाचा, तो बसणार छपराजवळ, आणि त्याचं वजन साठ-पासष्ट किलो. हिशेब केला तर त्यानं गुरुत्वमध्य आणखी तीन-साडेतीन सेंटिमीटर वर चढतो आणि उरलेल्या अंशांतला एक गळतो. थोडक्यात, पलटल्यावर वाचवणारी वस्तू बसवली की गाडी पलटायला किंचित जास्त राजी होते. हे मी मेहुण्याला आकड्यांसकट समजावलं. तो म्हणाला, ‘‘मग बरंच की, पैसे वाया जाणार न्हाईत.’’

उद्यमनगरातले मिस्त्री हा या कथेतला खरा अधिकारी पुरुष. ट्रॉल्या, गेट, उसाच्या चरकाचे सांगाडे, देवळाच्या रांगेचे कठडे असं सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यांचा पहिला प्रस्ताव तयार होता. ‘‘साहेब, दीड इंची सी क्लास टाकू. हत्ती बसला तरी वाकायचं न्हाई.’’ सी क्लास म्हणजे पाण्याच्या पाइपातला जाड प्रकार. मला पाण्याच्या पाइपाबद्दल आदर आहे. पण त्याच्या मानकाला काळजी असते ती आतलं पाणी बाहेर येऊ नये याची. बाहेरचा डोंगर आत येऊ नये, ही अपेक्षा त्याच्याकडून कुणी केलेली नसते. शिवाय दीड इंची म्हटला तरी तो बाहेरून ४८ मिलिमीटर भरतो आणि मीटरला चार किलोच्या वर जातो. केजला पंचवीस मीटर नळी लागते. शंभर किलोंच्या वर लोखंड डोक्यावर घेऊन फिरायचं, तर हत्ती बसायची वाट बघायला नको, बसलेलाच असेल.

जागतिक मोटरस्पर्धांचं नियमन करणाऱ्या एफआयएच्या अपेंडिक्स जे या नियमग्रंथात कलम २५३ आहे. त्याप्रमाणे केजच्या मुख्य कमानीला, म्हणजे चालकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या कमानीला, हवी शिवण नसलेली, थंड ओढलेली, साध्या कार्बन पोलादाची नळी; बाहेरून ४५ मिलिमीटर आणि जाडी अडीच, नाहीतर बाहेरून ५० आणि जाडी दोन. मिस्त्रींना हे पटेना. ‘‘दोन मिलिमीटर? पत्रा हाय का त्यो?’’ आता गंमत अशी की ५० बाय २ ची नळी ४५ बाय अडीचपेक्षा हलकी असते आणि तरी वाकायला जवळजवळ पंधरा टक्के जास्त ताठ असते. लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितकं ते कामाचं. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती जेमतेम वीस मिलिमीटरची होईल आणि तिचा ताठरपणा नळीच्या आठव्या हिश्शाएवढाही भरणार नाही. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण ज्यानं केली त्याला समाजाची जाण असेल, वाशांची नव्हती. वासा पोकळच चांगला. मिस्त्रींनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘पर पोकळ हाय हे गिऱ्हाइकाला सांगू नगा.’’

नळी वाकवण्याचा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. दोन उपाय : एक, एल्बो वेल्ड करायचा; दोन, पाइपात वाळू ठासून गॅसच्या ज्योतीनं लाल करायचा आणि झाडाला लावून ओढायचा. दोन्ही उपायांनी आजवर लाखो गेटं झाली, आणि गेटांबद्दल माझी तक्रार नाही. पण मुख्य कमान एका अखंड नळीची हवी, सांधा नको. ती थंडच वाकवायची. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान तिप्पट. आणि वाकताना नळी चेपून लांबट झालीच, तर लहान व्यास मोठ्याच्या नव्वद टक्क्यांखाली जाता कामा नये. मिस्त्रींनी पहिला नमुना वाकवला. बाकाच्या पोटात तीन देखण्या सुरकुत्या आल्या होत्या. मी व्हर्नियर लावला. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, डोळ्यानं बगा की. व्हर्नियरनं बगितल्यावर माणूससुद्धा वाकडाच दिसतोय.’’ शेवटी शिरोलीच्या बाजूला मँड्रेलवाला बेंडर मिळाला, म्हणजे वाकताना नळीच्या पोटात आधार देणारं यंत्र. कमान गुळगुळीत आली. सुरकुत्यांचा नमुना मिस्त्रींनी फेकला नाही. दुकानासमोर सायकली लावायला गाडलाय.

इथवर ठीक होतं. खरी पंचाईत छोट्या पिकअपची पुढेच आहे. मोठ्या गाडीत चालकाच्या मागे ऐसपैस जागा असते, कमान तिथे उभी राहते. पिकअपच्या केबिनमध्ये सीट मागच्या पत्र्याला टेकलेली. कमान सीटच्या मागे बसवायची तर सीट पुढे सरकते. सीट पुढे सरकली की गुडघे डॅशबोर्डात. गुडघे डॅशबोर्डात गेले की क्लच दाबायला बरगडीतून बळ काढावं लागतं. मेहुणा सहा फूट. सासूबाईंच्या मते हा दूध-तुपाचा गुण. माझ्या मते डिझाइनमधली अडचण.

त्यात डोकं आणि नळी यांच्यातलं अंतर. हे अंतर हेल्मेट घालून मोजायचं असतं, पट्टा आवळून, सीटवर नीट बसून. त्यामुळे मेहुणा अंगणात, बंद गाडीत, हेल्मेट घालून, पट्टे लावून, स्टिअरिंग धरून बसला आणि मी बाजूला टेप घेऊन उभा. चार बोटांचं अंतर मिळालं की तो मान वाकवायचा आणि ते दोन बोटांवर यायचं. ‘‘मान सरळ ठेव.’’ ‘‘सरळच हाय, दाजी.’’ समोरून जाणाऱ्या आजोबांनी सायकल थांबवली. ‘‘कुठं निघालास रे?’’ ‘‘कुठं न्हाई.’’ आजोबांनी हेल्मेटकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, गाडीखालच्या विटांकडे पाहिलं. ‘‘सावकाश जा,’’ म्हणाले आणि गेले.

हेल्मेटची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण इथे केजचा स्वभाव उलटा फिरतो. उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी असणं ही आपत्ती आहे. साधा खड्डा, साधा ब्रेक, आणि छपराच्या मऊ अस्तराऐवजी डोकं नळीवर. नळीवर घट्ट फोम लावायचाच. पण पाण्याच्या टाकीच्या पाइपावर गुंडाळतात तो नव्हे. तो बोटानं दाबला तर दबतो, डोक्यानं दाबला तर नसल्यासारखाच. केज, हेल्मेट आणि अंगाला जखडणारा पट्टा हे तिघं एकत्रच राबतात. एकट्या केजवर भिस्त ठेवली तर तो आतल्याच माणसावर उलटतो. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी हे सगळं पाहून विचारलं, ‘‘आमच्या गाडीला पण बसवून देताय काय? मुलगी शिकतीय चालवायला.’’ मी म्हटलं, बसवू, पण मग तिला गाडीत रोज हेल्मेट घालावं लागेल. ते खळखळून हसले. ज्या गावात दुचाकीवर हेल्मेट घालणाऱ्याला ‘पाहुणे कुठले?’ असं विचारतात, तिथे चारचाकीतल्या हेल्मेटचा विषय मी तिथेच मिटवला.

पोलाद कापायच्या आधी आख्खा केज प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपात करून बघायचा, असा माझा आग्रह. स्वस्त पडतो, करवतीनं कापतो, आणि दार उघडल्यावर पाय घालायला जागा उरते की नाही ते कळतं. पहिल्या आकृतीत उरली नव्हती. बाजूच्या दारासमोरून दोन तिरक्या नळ्या फुलीसारख्या नेल्या होत्या, मजबुतीला उत्तम. पण मेहुण्याला आत शिरायला खिडकीतून डोकं, मग एक पाय, मग देवाचं नाव असा क्रम लागला. बाहेर यायचा क्रम आम्हाला सापडेना. पलटलेल्या गाडीतून माणूस झटकन बाहेर यायला हवा, तेव्हा फुलीची एक दांडी गेली. तोवर पांढऱ्या पाइपांनी भरलेली गाडी पाहून गल्लीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं, ‘‘नळाचं नवीन कनेक्शन मंजूर झालं काय?’’ एकानं तर अर्ज कुठे करायचा तेही विचारून घेतलं.

आता हौदा. मेहुण्याचं म्हणणं, केज केबिनमधून मागचा पत्रा भेदून थेट हौद्यात न्यावा. मागच्या दोन तिरप्या टेकण्या तिथे टेकवाव्यात. दिसायला झोकदार. कलम २५३ ला टेकण्या हव्यातच, उभ्या रेषेशी निदान ३० अंशांचा कोन करून मागे गेलेल्या. पण पिकअपमध्ये केबिन वेगळी असते, हौदा वेगळा असतो, आणि दोघं एका चासीवर आपापले बसलेले असतात. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की चासी पिळवटते. केबिन एकीकडे झुकते, हौदा दुसरीकडे. दोघांना एका ताठ केजनं बांधलं की पिळवटण्याचा सगळा राग केजच्या सांध्यांवर निघतो. पलटायच्या कितीतरी आधी वेल्डला तडे, पत्र्याला फाटे. कापाकापी करून ज्यांना वेगळं केलं, त्यांना परत जुंपायला गेलं की हे होतंच. वेगळं निघालेल्या दोन भावांना सासूबाईंनी एका ताटात जेवायला बसवलेलं मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला हे मेहुण्याला समजावणं सोपं गेलं.

अखेर केज चासीला धरला आणि केबिनला त्याच्यापासून थोडी मोकळीक दिली. जमिनीच्या पत्र्यातून जिथे नळ्या खाली उतरल्या तिथे भोकाभोवती मोकळी जागा ठेवली, चिखल आत येऊ नये म्हणून रबर लावलं. केबिनच्या पत्र्यावर केज टेकवायचा झाला असता तर कमानीच्या प्रत्येक पायाखाली निदान १२० चौरस सेंटिमीटरची, तीन मिलिमीटर जाडीची प्लेट आणि आठ मिलिमीटरचे तीन तरी बोल्ट लागले असते. कारण गाडी आपटल्यावर नुसती नळी पातळ पत्र्यातून सुईसारखी आरपार जाते आणि केज आहे तसा राहतो, फक्त गाडी त्याच्याभोवती खाली येते. हौद्यात मेहुण्यासाठी वेगळी कमान ठेवली, केबिनच्या केजला न शिवणारी, तिच्यावर सुटं चाक बांधायला.

बाजारात पिकअपच्या हौद्यावर लावायच्या चकचकीत कमानी मिळतात त्यांची गोष्ट निराळी. बऱ्याचशा नुसत्या शोभेच्या. हौद्याच्या पातळ कडेला चार बोल्टांवर उभ्या. त्यांचा खरा उपयोग ताडपत्री बांधायला आणि मागे उभं राहून हात दाखवत मिरवणुकीत जायला. गाडी पलटली तर त्या सर्वांत आधी पलटतात. असाच थाट पुढच्या बंपरवर लावायच्या जाडजूड बुलबारचा होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्यांच्यावर बंदी घातली, कारण समोर पायी चालणाऱ्याचं त्यानं जे व्हायचं ते फारच वाईट होतं. मेहुण्यानं आपला बुलबार काढला आणि त्याचं काय केलं विचाराल, तर तो परसात आहे. त्याच्यावर दोडक्याचा वेल चढलाय. इतका पराक्रम त्यानं गाडीवर कधी गाजवला नव्हता.

तिरक्या नळीवरून मिस्त्रींचं आणि माझं तीन दिवस पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कमानीत उभी नळी घातली तरी चालेल, दिसायला सरळ दिसते. मी पट्टीचे चार तुकडे बोल्टनं जोडून चौकोन केला आणि कोपरा दाबला. चौकोन सपशेल आडवा झाला. मधे उभा तुकडा घातला. तोही सगळ्यांबरोबर आडवा झाला. तिरका घातला, आणि मिस्त्रींनी दोन्ही हातांनी रेटूनही तो ढिम्म हलेना. ते थोडा वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग पोराला हाक मारून म्हणाले, ‘‘परवाचं शाळेचं गेट परत आण रे.’’

वेल्डिंगचा डाव मात्र त्यांनीच जिंकला. नळीचा सांधा पूर्ण वर्तुळाभोवती वेल्ड व्हायला हवा, आणि केबिनमध्ये वरचे सांधे छपराला चिकटलेले. वरच्या बाजूनं वेल्डिंगची बंदूक जाणार कुठून? मी छप्पर कापायचा विचार करत होतो. मिस्त्री बिडी संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘छप्पर वर जात न्हाई, तर केज खाली सोडू.’’ पायांच्या जागी जमिनीला भोकं पाडली, वेल्डच्या नुसत्या टाक्यांवर जोडलेला केज त्या भोकांतून वीतभर खाली उतरवला, छपराखाली हात जायला जागा झाली. वरचे सांधे चारी बाजूंनी पक्के केले आणि केज उचलून खाली चासीच्या आधारांवर बसवला. मोठ्या स्पर्धांच्या गॅरेजातही हीच युक्ती करतात. मिस्त्रींनी ती कुठे वाचलेली नव्हती. त्यांनी फक्त छपराला हात लावून बघितलं होतं.

या सगळ्या उद्योगात मला राहून राहून ट्रॅक्टर आठवायचे. गळीत हंगामात कोल्हापूरच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत, साखर कारखान्याकडे निघालेले, कानठळ्या बसवणारी गाणी लावलेले. पालथा पडण्यात ट्रॅक्टरइतकं तरबेज वाहन नाही. बांधावरून, कालव्याच्या कडेनं, चढावर मागे उलटून. स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना पलटल्यावर चालकाला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला आणि ट्रॅक्टरखाली चिरडून मरणाऱ्यांची संख्या तिथे झपाट्यानं उतरली. आपल्याकडे ट्रॅक्टरवर टप असतो. टपाला झालर असते, झालरीला गोंडे, आतून आरसे, वर ‘आईचा आशीर्वाद’. उन्हापासून तो नक्की वाचवतो. मेहुण्याच्या हौसेच्या गाडीला साठ किलो पोलाद, आणि त्याच गल्लीतल्या, रोज बांधावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरला झालर. हे मी मिस्त्रींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘ट्रॅक्टरवाल्याला सांगून बगा. म्हनंल, मी काय पालथं पडायला जातोय व्हय?’’

रंगावरून थोडी हमरीतुमरी झाली. मेहुण्याला क्रोम हवं होतं, मी पातळ फिका रंग धरून बसलो. तडा गेला तर डोळ्याला दिसला पाहिजे. अखेर पांढरा ठरला. मग भोकांची मागणी आली. मोबाइल अडकवायला एक, टॉर्चला एक, स्पीकरला दोन, भगव्या झेंड्याला एक. मी सांगितलं, केजच्या नळीला भोक पाडायचं नाही, क्लॅम्प लावा. एकाच भोकाला मुभा दिली. अमेरिकेतल्या काही स्पर्धांच्या नियमांत असतं तसं, कमी ताणाच्या जागी पाच मिलिमीटरचं, नळीची जाडी खरंच सांगितली तेवढी आहे की नाही हे तपासायला. आतून चोरी झाली असली तर ती तिथे उघडी पडते. ‘‘तपासणाऱ्याची नजर पहिल्यांदा इथंच जाणार,’’ असं मी चारचौघांत बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री व्हर्नियर घेऊन आले. त्या भोकातून तार ओवून एक लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा लोंबत होता. मी सासूबाईंकडे पाहिलं.

‘‘आता बघताय काय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘नजर पयल्यांदा तिथंच पडणार, असं तुम्हीच म्हणालासा न्हवं?’’

मिस्त्रींनी मान डोलावली आणि लिंबू न हलवता भोकात व्हर्नियरची काडी जाते का, ते बघायला लागले.